एकट्या बदकाला तळ्यात सोडू नका

मंगळवारी रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. "गो, ह्यां बदाक रातभर आराडता. उद्या सकाळी तळ्यात नेऊन सोडू काय? मोबाइलवर तसांच लिवलेलां इलां हा."

आत्याकडे दोन बदकं होती, खाकी कॅम्पबेल जातीची, दोन्ही माद्या. खुराड्याची मागची फळी पावसाने कुजली होती. तिथून एका रात्री रानमांजर शिरलं आणि एक बदक गेलं. उरलेलं बदक तेव्हापासून माडाच्या आळ्यात, जिथे दोघी दुपारी बसायच्या त्याच जागी, मान ताठ करून उभं राहतं. चार-पाच हाका मारतं, थांबतं, ऐकतं, पुन्हा हाका मारतं. अंडी बंद झाली आहेत. आत्या शेजारी पाट घेऊन बसली तरच भाताची कणी खातं.

आणि अशा वेळी तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो मेसेज आला: "एकटं पडलेलं बदक? घाबरू नका, हे सात उपाय करा." दोन दिवसांत मला तो तिघींनी पाठवला, एकीने तर "तुझ्या कामाचं" असं लिहून. मी नऊ वर्षं बदकं पाळते आहे. मेसेज वाचला आणि संताप आला. कारण त्यातला चौथा उपाय एका म्हाताऱ्या बाईच्या हातून तिच्या लाडक्या जिवाला मरणाच्या दारात पोचवणार होता, तेही ती त्याचं भलं करते आहे असं समजून.

म्हणून आधी चौथाच उपाय घेते. मेसेजमध्ये लिहिलं आहे: "जवळच्या तलावात सोडा. तिथली रानबदकं त्याला आपल्यात सामावून घेतात आणि ते मूळ निसर्गात परत जातं."

कुठली रानबदकं? आपल्या गावठी बदकांचा, खाकी कॅम्पबेलचा आणि पांढऱ्या पेकिनचा पूर्वज आहे मॅलार्ड. तो आपल्या कोकणातल्या तळ्यांवर राहणारा पक्षी नाही. थंडीत तळ्यांवर जी बदकं दिसतात, थापट्या, तलवार बदक, ती हिमालयाच्या पलीकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निघून जातात. त्यांच्या थव्यात हे बदक समजा मिसळलंच, तर मार्चमध्ये थवा उडेल तेव्हा ते काय करील? खाकी कॅम्पबेल दोन किलोच्या आसपास भरतं. पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी वाढवलेली ही जात. घाबरलं तर चार हात फडफडत जाईल, थव्याबरोबर उडणं त्याच्या पंखांत नाही.

बारमाही राहणारी म्हणजे अडई आणि हळदी-कुंकू. अडई हा अर्ध्या किलोच्या आसपासचा पक्षी. ती झाडावर बसते, झाडाच्या ढोलीतसुद्धा घरटं करते. संध्याकाळी अडया शीळ घालत शेतांकडे उडून जातात आणि आपलं बदक काठावर एकटं राहतं, परसदारापेक्षाही एकटं. परसात निदान कोणीतरी संध्याकाळी दार लावतं. तळ्याच्या काठावर कोल्हा आहे, भटकी कुत्री आहेत, आणि जन्मापासून रोज सांजेला खुराड्यात जाऊन बसलेल्या या पाखराला रात्री पाण्याच्या मध्यावर राहायचं असतं हे कोणी शिकवलेलंच नाही.

शिवाय रोग. बदकं बर्ड फ्लूचा विषाणू आजारी न दिसताही बाळगू शकतात, आणि रानपक्षी व पाळीव पक्षी जिथे एका पाण्यावर येतात तिथे तो इकडून तिकडे जातो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आपल्या राज्याने पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि त्याच महिन्यात केरळात आलप्पुळा आणि कोट्टायमकडे हजारो बदकं मारावी लागली. अशा परिस्थितीत घरातली बदकं तळ्यात सोडा म्हणून गावभर सांगत फिरणं हा गुन्हा मानला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेसेज एवढ्यावर थांबत नाही. "किंवा शेतातली एखादी अडई पकडून आणा, सोबत होईल" असंही पुढे आहे. रानबदकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. अडई पकडून घरात ठेवलीत तर वनखात्याची माणसं दारात येतील, आणि ती अडई जाळीला चोच घासून घासून मरेल.

आता पहिला मुद्दा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे: "बदक मुळात एकांतप्रिय असतं, आठ-दहा दिवसांत विसरतं."

हे ज्याने लिहिलं त्याने बदक झोपलेलं कधी पाहिलेलं नाही. १९९९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी मॅलार्ड बदकं चार-चारच्या ओळीत ठेवली आणि झोपताना त्यांच्या डोळ्यांवर आणि मेंदूवर लक्ष ठेवलं. मधली दोन बदकं बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाची बदकं मात्र पुष्कळदा एक डोळा उघडा ठेवून झोपत, आणि उघडा डोळा असे तो बाहेरच्या बाजूचा, सोबत्यांकडचा नव्हे. त्या वेळी मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा जागा. टोकाच्या बदकाला ओळीत फिरवून दुसऱ्या टोकाला ठेवलं की डोळाही बदले.

म्हणजे बदकाची झोपसुद्धा शेजारी कोण आहे यावर ठरते. जिच्या दोन्ही बाजूंना कोणी आहे ती निवांत झोपते, कडेची पहारा देते. त्या प्रयोगात एकटं बदक नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्याला दोन्ही बाजू उघड्या आहेत त्याचं काय होत असेल ते कळायला फार अक्कल लागत नाही. मी आत्याला म्हटलं, रात्री हळूच बॅटरी पायाकडे धरून बघ. तिने बघितलं. बदक कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून, एक डोळा मिटलेला आणि दुसरा दाराकडे सताड उघडा. बारा वाजता तसंच आणि पहाटे चारला तसंच. आठ-दहा दिवसांत विसरतं म्हणे! त्याला झोप मिळालेली नाही.

दुसरा मुद्दा: "कोंबड्यांत सोडा, एकाच घरातली होतात." यात थोडं खरं आहे ते कबूल करते. अगदीच कोणी नसेल तर कोंबड्यांची जाग बदकाला आधार देते, आणि घार आली की कोंबडी ओरडते ते बदकालाही कळतं. चार दिवसांची सोय म्हणून ठीक. पण बदक चोच धुतल्याशिवाय खात नाही, दर घासाला पाणी, आणि ते पाणी सगळीकडे उडतं. खुराड्यातलं तूस ओलं झालं की कोंबड्यांना सर्दी, खोकला, पायांची दुखणी. आणि तुमचं बदक नर असेल तर कोंबड्यांत सोडूच नका. कोंबड्याला लिंग नसतं, बदकाच्या नराला असतं, तेही मळसूत्रासारखं. त्याने कोंबडीवर झडप घातली तर कोंबडीला आतून इजा होते, ती मरूही शकते. हे मी शेजारच्या वाडीत डोळ्यांनी पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

तिसरा, बदकासमोर आरसा ठेवायचा उपाय, मी स्वतः करून पाहिला आहे. दोन दिवस बदक आरशासमोर बसलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या मागे जाऊन शोधू लागलं. सोबत मिळेपर्यंत ठेवायचा तर ठेवा, फुटणार नाही असा पत्र्याच्या चौकटीतला. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको.

पाचवा मुद्दा ऐकायला गोड आहे: "मादी एकटी असेल तर एक नर आणा, चक्रवाकाच्या जोडीसारखी आयुष्यभर साथ देतात." चक्रवाकाची जोडी टिकते हे खरंच. पण चक्रवाक वेगळा पक्षी आहे, तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो आणि त्याचं आपल्या गावठी बदकाशी नातं लांबचं. मॅलार्डच्या कुळात जोडी एका हंगामापुरती असते, मादी अंड्यांवर बसली की नर निघून जातो. परसात त्याला जायला वाट नसते. एका मादीमागे एकच नर ठेवलात तर तो दिवसभर तिच्यावरच चढतो. मानेमागची पिसं जातात, कातडी सोलवटते. अंड्यांसाठी बदकं पाळणारे सहा-सात माद्यांमागे एक नर ठेवतात ते उगाच नाही. आत्याच्या बदकाला नवरा नकोय, सोबत हवी आहे. दोन माद्या आणा.

दोन का? पुन्हा एक गेली तर उरलेली परत एकटी पडू नये म्हणून. नर-मादी ओळखणं कठीण नाही. मोठ्या आवाजात क्वॅक क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज घोगरा, आणि शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. (मस्कोव्हीत हे चालत नाही, ती निराळी जात.)

सहावा: "नवं बदक रात्री अंधारात खुराड्यात सोडा, सकाळी एकमेकांना जुनं समजतात." कोंबड्यांबाबत लोक असं करतात आणि कधी कधी जमतंही. बदकांत सकाळी मारामारी होते आणि त्या अरुंद जागेत पळायला वाव नसतो. त्याहून वाईट म्हणजे नव्या पाखराने आणलेला रोग एका रात्रीत जुन्याला लागतो. नवी बदकं आधी वेगळी ठेवायची, महिनाभर ठेवली तर उत्तम, जागा नसेल तर निदान पंधरवडा. त्यांचं भांडं वेगळं, त्यांच्याकडे जाताना चपला वेगळ्या. डोळ्यांतून पाणी, नाकपुड्यांत चिकटा, लंगडणं, हिरवट पातळ विष्ठा, यातलं काही दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखाना. नंतर मध्ये जाळी लावून शेजारी शेजारी. जाळी काढायची ती दिवसा, मोकळ्या अंगणात, खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन दोन ठेवून. थोडी चोचाचोच, पाठलाग होणारच. रक्त निघालं किंवा एकीला कोणी खाऊच देईना, तर पुन्हा जाळी.

सातव्यात "मन रमवायला शेंगदाण्याची पेंड द्या" असं आहे. बुरशी आलेली पेंड बदकाला विष आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने एक लाखावर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला, आणि बदकाचं पिल्लू त्याला इतकं नाजूक की सुरुवातीला हे विष ओळखायला त्याचाच वापर होई. पावसाळ्यात कोकणात कोणाच्या घरची पेंड कोरडी राहते? नकोच.

राहिला तिसऱ्या मुद्द्याला जोडलेला एक शेरा, "माणसाची सवय लावा, मग बदकांची गरज नाही." प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेंत्सच्या हंसाच्या पिल्लांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलतं ते आई. तसं पिल्लापासून माणसाच्या हातात वाढलेलं बदक माणसाच्या मागे फिरतं, हे खरं. पण आत्याचं बदक बदकाबरोबर वाढलेलं आहे. आणि माणसाला लागलेल्या बदकाचं तरी काय, माणूस रात्री घरात जाऊन झोपतो.

त्या रात्री मी आत्याला एवढंच म्हटलं, "आत्ये, तळ्यात नेऊ नकोस. मी शनिवारी येते." आठवडा बाजारातून घ्यायचं टाळलं, तिथे दहा ठिकाणची पाखरं एका डालग्यात असतात. पशुधन पर्यवेक्षकांना विचारलं की तालुक्यात बदकं कोणी घेतली आहेत. त्यांनी एका बागायतदाराचं नाव दिलं. त्याच्याकडून पाच महिन्यांच्या दोन माद्या आणल्या, भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली तूस घालून. गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला ठेवल्या.

आत्याचं बदक तेव्हा कणी खात होतं. पलीकडून पहिला आवाज आला तसं ते घास अर्धा टाकून थांबलं. मान तिरपी करून एका डोळ्याने वर पाहिलं. मग आत्याच्या पायावरून उडी मारून गोठ्याच्या भिंतीपर्यंत धावलं आणि तिथे उभं राहून मान खाली-वर, खाली-वर करू लागलं. आत्या पाटावरून उठली आणि पदराने डोळे पुसले.

तीन आठवडे झाल्यावर मध्ये जाळी लावून त्यांना शेजारी शेजारी ठेवलं. काल रात्री आत्याने बॅटरी घेऊन पाहिलं. तिघी जाळीला अंग चिकटवून बसल्या होत्या, एक या बाजूला, दोन त्या बाजूला. "आता काढू काय गो जाळी?"

मी सांगितलं, अजून चार दिवस. रविवारी मी येते, दोन घमेली पाणी भरून ठेव.