बाराबोर नको म्हणणारा फौजी

गेल्या रविवारी कोल्हापूरहून दाजींचा फोन आला. दाजी पेन्शनीत आलेले सुभेदार. सप्टेंबर २०२३ च्या नियमांनी अपंगत्व पेन्शनला चाप लावला तो बरोबर की चूक, यावर त्यांच्या फौजी मित्रांत अजून जुंपते. दाजींचं मत पक्कं: "साहेब लोक निवृत्त होता होता बीपी-शुगर दाखवून अपंगत्वाचे टक्के पाडून घेतात, बदनाम होतो जवान."

असेलही. मला मात्र शिरोळ तालुक्यातला माझा वर्गमित्र आठवतो. १७ वर्षं नोकरी, बरीचशी काश्मिरात. घरी आल्यावर बँकेत गार्ड म्हणून लागला. पहिल्या दिवशी हातात बाराबोर बंदूक दिली, ती त्यानं टेबलावर ठेवली आणि चालत घर गाठलं. अशा ३ नोकऱ्या गेल्या. घरच्यांना वाटलं बाहेरचं आहे, म्हणून नरसोबाच्या वाडीला नेऊन पालखीपुढं बसवला. पलटणीत त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. आजारामुळं खालची मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशन अडतं. त्यामुळं कागद कोरा. साधी पेन्शन मिळते, अपंगत्वाचा छदामही नाही.

इथं अमेरिकेत, सॅन अँटोनियोत, माझा शेजारी इराकहून परतलेला. पीटीएसडीचे, म्हणजे युद्धाच्या धक्क्यानं जडलेल्या मनाच्या आजाराचे, अपंगत्व ७० टक्के, पण पैसे १०० टक्क्यांच्या दरानं. एकाच आजाराचे ६० टक्के असले आणि त्यापायी पोटापुरती नोकरी टिकत नसली तर पूर्ण दर, असा नियमच आहे. २०१० पासून एकेका हल्ल्याचा लेखी पुरावाही मागत नाहीत. शत्रूची भीती तैनातीच्या जागेशी जुळली आणि माजी सैनिक खात्याच्या डॉक्टरनं दुजोरा दिला की चालतं. अर्ज भरायला काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) माणूस, फुकट. तरी फाईल उशीएवढी जाड. आणि 'ऐतखाऊ' हा टोमणा इथंही आहेच.

आपल्याकडं २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतलाच धरा, उलटं सिद्ध करायचं ते सरकारनं. पण हा आधार आजारपणामुळं घरी पाठवलेल्याला, किंवा निवृत्त होताना कागदावर खालची कॅटेगरी असलेल्याला. माझा मित्र वर्षं भरून, स्वतःच्या पायानं आला, कागदही कोरा.

दाजी, साहेबांचं बीपी खुशाल तपासा. पण मनाला लागलंय त्याला 'कुठं, कधी' विचारण्याआधी 'काम टिकतंय का' हे विचारायला हवं. आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसानं त्याच्या दारात जायला हवं. तो कचेरीची पायरी चढणार नाही.

"शेती करतोय की तो," दाजी म्हणाले.

करतो. लाईट रात्रीची असते तेव्हा मोटर चालू करायला एकटा जातो. दिवसा शेतात माणसं असतात.