झेंडा कुणाच्या बॅगेत आहे?

पंधरा ऑगस्टला युरोपच्या सहलीवर असण्याचा योग आलाच, तर एक पथ्य पाळा. घरी असताना हा दिवस आपण कसा साजरा करत होतो, हे ग्रुपमध्ये कुणाला कळू देऊ नका. सोसायटीच्या झेंडावंदनाला आपण शेवटचे कधी उतरलो होतो, हे फक्त वॉचमनला ठाऊक असतं आणि वॉचमन सहलीला आलेला नसतो. तेव्हा निर्धास्त राहा. विमान उतरल्यापासून देशप्रेम जे चढायला लागतं, ते स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखच्या ३,४५४ मीटरवर पोचेपर्यंत इतकं टिपेला जातं, की श्वास विरळ हवेने लागलाय की भावनेने, हे कळेनासं होतं.

पूर्वतयारी म्हणून झेंडा आणायचं काम कुणा एकाकडे मुळीच देऊ नका. प्रत्येकाला वाटू द्या की दुसऱ्याने घेतला असेल. म्हणजे चौदा तारखेला रात्री व्हॉट्सअॅपवर "झेंडा कुणाच्या बॅगेत आहे?" हा प्रश्न पडतो, त्यावर सदतीस अंगठे येतात आणि सकाळी झेंडा सापडतो तो सगळ्या बॅगा बसच्या डिकीत गेल्यावर, सगळ्यात तळाच्या बॅगेत. घाईत ऑनलाइन मागवला असेल तर उघडून बघू नका. आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या झेंड्यातही वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा असे पट्टे असतात आणि मधोमध नारिंगी गोळा असतो. चक्राचे चोवीस आरे फोटोत कोण मोजतंय?

ध्वजसंहितेचं फार मनावर घेऊ नका. ती ३:२ प्रमाण सांगते, झेंडा जमिनीला लागू देऊ नका म्हणते, गाडीच्या टपावर, बाजूला किंवा पाठीमागे पसरू नका म्हणते. तुम्ही तो बसच्या खिडकीबाहेर सोडा, खिडकीच्या काचेत टोक अडकवा आणि ड्रायव्हर रागावला तर "ही डझ नॉट अंडरस्टँड अवर सेंटिमेंट्स" असं टूर मॅनेजरला मोठ्याने सांगा. पेढे मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. (नेलेच आणि सापडले, तर "प्रसाद आहे" या उत्तराचा तिथे काडीचाही उपयोग नाही.)

भाषण ऐकायचं असेल तर गजर लावा. लाल किल्ल्यावर सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तुमच्या हॉटेलात पहाटेचे चार असतात. फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवा. शेजारच्या खोलीतल्या जर्मन दांपत्यालाही आपली प्रगती कळायला हवी.

आता मुख्य सोहळा. राष्ट्रगीत बसमध्येच उरकू, असं कुणीतरी सुचवेल. राष्ट्रगीताला उभं राहावं लागतं आणि धावत्या बसमध्ये पट्टा लावून बसावं लागतं, त्यामुळे निम्मा ग्रुप उभा आणि निम्मा बसलेला, अशी फूट पडते. त्यापेक्षा थांबा. इकडे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. गाडीतलं यंत्र सगळं टिपत असतं. त्या ४५ मिनिटांत चाळीस माणसांची स्वच्छतागृहाची रांग आणि स्वातंत्र्यदिन, दोन्ही बसवायचं असतं. सुटे पैसे जवळ ठेवा.

पार्किंगमध्ये, ट्रकच्या रांगेपुढे, सेल्फी स्टिकला झेंडा बांधा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. पहिल्यांदा मागच्या सीटवरच्या काकू इतक्या वरच्या पट्टीत सुरुवात करतात की शेवटाकडे एकटा ग्रुपमधला भजनवाला उरतो. दुसऱ्यांदा सूर जमतो तर फोन आडवा धरलेला नसतो. तिसऱ्यांदा मधूनच एक पोलिश ट्रकवाला टूथब्रश घेऊन जातो. प्रत्येक वेळी "मराठा" या शब्दाला आवाज दुप्पट होतो. तो काळजीपूर्वक रेकॉर्ड करा, बाकीचे प्रांत आपलं आपलं बघून घेतील.

तिथून बस लिश्टनस्टाइन या चिमुकल्या देशाच्या राजधानीला, वाडुझला जाईल. तिथे पोचल्यावर आश्चर्य अजिबात दाखवू नका. रस्त्यावर झेंडे, बँड, नटूनथटून आलेली माणसं. "बघा, इथेही आपला पंधरा ऑगस्ट!" असं बसमधून पहिलं जो ओरडेल, त्याचा व्हिडिओ आधी जाईल. कुणी शहाणा सांगू लागेल की १५ ऑगस्ट हा लिश्टनस्टाइनचाच राष्ट्रीय दिवस आहे, १९४० पासून. मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी त्याच दिवशी आणि तेव्हाचे राजे फ्रान्झ योसेफ दुसरे यांचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, म्हणून ही तारीख धरली. असल्या माणसाला पुढच्या सीटची पाळी देऊ नका. १६० चौरस किलोमीटरचा देश, त्याचं ते काय स्वातंत्र्य! शिवाय झेंड्याचे रंगही निळा आणि लाल, म्हणजे आपल्यासारखे नाहीतच.

मग बँड त्यांचं राष्ट्रगीत वाजवेल. ताठ उभे राहा, हात शिवणीला, शक्य असेल तर डोळे ओले करा. आमच्याबरोबरचे एक निवृत्त काका गहिवरून म्हणाले, "चाल कुठेतरी ऐकलीय हो." ऐकलेली असणारच. लिश्टनस्टाइनच्या राष्ट्रगीताची आणि ब्रिटनच्या राष्ट्रगीताची चाल एकच आहे. ज्या चालीसाठी उभं राहणं आपण १९४७ साली थांबवलं, तिच्यासाठी बरोबर त्याच तारखेला, स्वखर्चाने, हप्त्यांवर, छातीला तिरंग्याचा बिल्ला लावून उभं राहायचा मान फार थोड्यांना मिळतो. काकांना हे मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मुक्काम जवळपास असेल तर रात्रीची आतषबाजी चुकवू नका. ती किल्ल्यावरच्या राजघराण्याच्या देशासाठी असते, पण आकाशाला पासपोर्ट लागत नाही आणि व्हिडिओला तर नाहीच. भगवा आणि हिरवा बाण फुटेल तेवढाच तुकडा कापा, "परदेशातही आपला स्वातंत्र्यदिन!" असं लिहा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. तिथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असेल, तारीख सोळा लागलेली असेल. उत्तर सकाळी, न्याहारीला ब्रेडवर जॅम लावताना येईल. सेक्रेटरींचं: "वा, छान! यंदा इथे झेंडावंदनाला नऊ जण होते. वॉचमन धरून."