बीड गंजतं, म्हणून सिलिंडर गनमेटलचाच?

वाफेची मॉडेल इंजिनं बनवणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘सिलिंडर गनमेटलचाच घ्या. बीड (ओतीव लोखंड) गंजून पिस्टन जाम होतो. मोठ्या इंजिनांना बीड वापरलं ते निव्वळ स्वस्त म्हणून. गनमेटल नसेल तर पितळ लावा, दोन्ही तांब्याचीच मिश्रणं.’

बीड गंजतं, यात वाद नाही. पण कधी? इंजिन चालू असताना बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल भिंतीवर, स्टीम ऑइलचा (वाफेच्या इंजिनाच्या खास तेलाचा) थर असतो. गंज धरतो तो इंजिन आत पाणी ठेवून कपाटात गेल्यावर. शेवटची फेरी झाली की गरम असतानाच ड्रेन कॉक उघडून पाणी काढायचं, आत तेल सोडायचं आणि चाकं हाताने फिरवून ते सगळीकडे पोचवायचं. एवढं ज्याच्याकडून होणार नाही, त्याने खुशाल गनमेटल घ्यावं. मात्र आळस आपला आणि दोष बिडाचा, असं करू नये.

शिवाय जाम होण्याचं खापर दर वेळी गंजावर फोडायचं कारण नाही. ४० मिमी बोअर घ्या. तापमान १५० अंशांनी चढलं की त्या मापाचं बीड सुमारे ०.०६ मिमी फुगतं, गनमेटल सुमारे ०.११. म्हणजे बिडाच्या सिलिंडरमध्ये गनमेटलचा पिस्टन व्यासात ०.०३ मिमी फट ठेवून सुरेख बसवला, तर तो थंड असताना लोण्यासारखा सरकेल आणि वाफ सोडल्यावर अडकेल. ॲल्युमिनियमचा पिस्टन तर आणखी फुगतो. अशा जोडीत फट जास्त ठेवायची आणि वाफ अडवायचं काम पिस्टनभोवतीच्या रिंगेवर किंवा पॅकिंगवर सोपवायचं.

आता ‘निव्वळ स्वस्त म्हणून’. स्वस्त आहेच. पण बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. त्या स्वतः वंगणाचं काम करतात आणि तेलही धरून ठेवतात. म्हणून बिडाच्या बोअरमध्ये बिडाच्याच रिंगा मजेत चालतात. स्टेनलेसवर स्टेनलेस तसं घासून बघा, दोन्ही पृष्ठभाग ओरबाडून निघतील. ७ बार दाबाची साधी वाफ साधारण १७० अंशांची असते, तिला गनमेटल पुरून उरतं. तीच वाफ चांगली सुपरहीट केलीत, म्हणजे बॉयलरमधून निघाल्यावर आणखी तापवलीत, की तेलाचा थर विरळ होतो आणि तिथे बीडच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पितळेबद्दल फार लिहायला नको. गनमेटलच्या जुन्या प्रमाणात ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील आणि फक्त २ टक्के जस्त. नेहमीच्या पितळेत जस्तच ३५ ते ४० टक्के. गरम पाण्याच्या संगतीत ते हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. कमी दाबाच्या, डुलत्या सिलिंडरच्या खेळण्याला चालेल.

गनमेटलच्या बाजूचा खरा मुद्दा या सल्ल्यात आलेलाच नाही: ते चांदीच्या डाकाने जोडता येतं, त्यामुळे ओतकाम मिळालं नाही तरी तुकडे जोडून सिलिंडर उभा करता येतो. बिडाला डाक सहज धरत नाही. त्याचं ओतकामच घ्यावं लागतं, नाहीतर सळईतून कातावं लागतं. ओतकाम असेल तर पहिला कट वरच्या कडक, वाळूभरल्या कातडीच्या खालून जाईल इतका खोल घ्या, आणि त्याआधी लेथचा बेड (हत्यार ज्यावरून सरकतं तो पाया) झाका. ती काळी भुकटी बेडवर घासली जाते.