बिलावरच्या त्या ओळीला काडीची किंमत नाही

आज सकाळपासून एकच जाहिरात डोळ्यांपुढे नाचतेय. "100 टक्के संघर्षमुक्त हिऱ्याची अंगठी, किंबर्ली प्रमाणपत्रासह!" अहो, अंगठीतल्या हिऱ्याला किंबर्ली प्रमाणपत्र मिळतच नाही! किंबर्ली ही कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी अनेक देशांनी मिळून उभी केलेली व्यवस्था. तिचं प्रमाणपत्र मिळतं कच्च्या, म्हणजे पैलू न पाडलेल्या मालाच्या सीलबंद पार्सलला, देशाची हद्द ओलांडताना. त्यावर कॅरट, किंमत आणि मूळ देश असतो. पार्सल फुटून चार खाणींचा माल आकार-रंगाप्रमाणे निवडून एकत्र झाला, की पुढच्या कागदावर 'संमिश्र मूळ' लिहून मोकळे. पैलू पडले की तोही कागद संपला. मग उरते बिलावर विकणाऱ्याने स्वतःच लिहिलेली हमीची ओळ.

आणि या व्यवस्थेच्या लेखी 'संघर्षाचा' हिरा म्हणजे काय, तर बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेला कच्चा माल. बस! झिम्बाब्वेतलं मारांगे हे हिऱ्यांचं क्षेत्र आठवा. 2008 मध्ये तिथे लष्कराने खोदणाऱ्यांवर हेलिकॉप्टरमधूनही गोळ्या झाडल्या, 200 हून जास्त माणसं मारली. पण गोळ्या सरकारच्या, त्यामुळे व्याख्येत बसेना. थोडा काळ निर्यात अडवली आणि 2011 मध्ये मारांगेचा माल रीतसर बाजारात आला. ही व्यवस्था उभी करायला झटलेल्या ग्लोबल विटनेस या स्वयंसेवी संस्थेने त्याच वर्षी तिच्यातून अंग काढून घेतलं. व्याख्या बदलायची तर सगळ्या सदस्य देशांचं एकमत हवं. म्हणजे ज्याच्यावर बोट, त्याचाही होकार.

मान्य, सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 च्या युद्धात कोनो जिल्ह्यातल्या हिऱ्यांवर पोसलेले बंडखोर लोकांचे हात तोडत होते, आणि तसला उघड धंदा 2003 मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यावर अवघड झाला. तेवढं श्रेय देऊ.

पण जमिनीचं काय? नदीकाठी हिरे शोधताना आधी वरची माती कित्येक मीटर उपसतात, मग खालची खडी चाळणीत धुतात. खड्ड्याच्या भिंतींना टेकू नसतो. पावसात पाणी मुरतं, कड जड होते आणि आतल्या माणसांवर ढासळते. हिरे संपले की खड्डा तसाच सोडून पुढे जातात. त्यात पाणी साचतं, डास होतात. सुपीक थर खडीखाली गाडला गेल्यावर तिथे पीक कसलं येणार? मोठ्या खाणी तरी सोवळ्या कुठे! 2021 मध्ये अंगोलातल्या काटोका या हिऱ्यांच्या खाणीचा गाळ गळून नदीत गेला, खाली काँगोत शिकापा नदी लाल झाली, मासे मेले. काँगो सरकारने 12 माणसं दगावल्याचं सांगितलं. इथे बंडखोर नाहीत. म्हणजे मारांगेसारखाच हाही माल कागदावर स्वच्छ.

हिरे घेऊच नका, असं नाही म्हणत. खोदणाऱ्यांची चूल त्यावरच पेटते, बहिष्काराने आधी तीच विझेल. पण घेताना खाणीचं नाव विचारा. खाणीपासून पैलू पाडेपर्यंत तो माल वेगळा ठेवला होता का, त्याची नोंद मागा. प्रयोगशाळेचा नेहमीचा रिपोर्ट पुढे केला तर भुलू नका, त्यात वजन, रंग, शुद्धता, घडण असते, खाण नसते. नुसता पैलूदार खडा बघून त्याचा देश कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. आणि उत्तरादाखल पुन्हा बिलावरच्या ओळीवरच बोट ठेवलं, तर समजा, हिरा कुठून आला हे दुकानदारालाही माहीत नाही.