पक्याच्या आईच्या गोळ्या

काल कट्ट्यावर पक्याशी जाम वाजलं. त्याच्या आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदा, आणि या औषधाने लिव्हरला त्रास होऊ शकतो हे कळल्यापासून हा अस्वस्थच होता, शेवटी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन आला. म्हणे नॅचरल आहे, लिव्हर सांभाळतं, ढीगभर रिसर्च आहे यावर.

सुमी म्हणाली रिसर्च आहे, पण त्यातला बराचसा उंदरांवरचा. तिथे बऱ्याचदा उंदराला आधी काही दिवस अर्क पाजतात, मग औषधाचा दणदणीत डोस देतात आणि मग लिव्हर तपासतात. तुझी आई छोटा डोस वर्षानुवर्षं घेणार, त्याचा याच्याशी काय संबंध?

पक्या चिडला. “मग पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाल्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन देतात ते? तेही सप्लिमेंट म्हणून मिळतंच की!”

हा मुद्दा एकदम बरोबर होता आणि मी तसं म्हटलंही. ओव्हरडोसमध्ये लिव्हरमधलं विष निकामी करणारं ग्लुटाथायोन संपतं, मग पॅरासिटामॉलपासून बनलेला विषारी पदार्थ पेशी मारत सुटतो, एन-ॲसिटिलसिस्टीन ते ग्लुटाथायोन परत भरून काढतं आणि पहिल्या 8 तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. पण बघ ना, विष कुठलं, ते करतं काय, उतारा किती आणि कधी द्यायचा, सगळं ठरलेलं. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाबरोबर व्हिटॅमिन बी6 देतात तेही तसंच, कारण ते औषध शरीरातल्या बी6वरच घाला घालतं आणि हातापायाला मुंग्या येतात. ‘लिव्हरला चांगलं’ असं मोघम औषध मला तरी माहीत नाही.

“पण नुकसान तर नाही ना?” पक्या अडूनच बसला.

इथे मात्र माझा आवाज चढला, कारण या एका वाक्यावर लोक काहीही गिळतात. केमोमुळे नसांना इजा होऊ नये म्हणून ॲसिटिल-एल-कार्निटिन नावाचं सप्लिमेंट देऊन पाहिलं होतं, ब्रेस्ट कॅन्सरच्या 409 बायकांवर, 2013 मध्ये निकाल छापून आला, तर ते घेणाऱ्यांचा नसांचा त्रास उलट वाढलेला. आणि ज्या हळदीच्या अर्कावर याचा एवढा विश्वास त्यानेच लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्यात, गोळ्या बंद केल्यावर बहुतेक जण बरे झाले म्हणून नशीब. त्यातून अनेक कॅप्सूलमध्ये मिऱ्याचं पिपरीन घालतात अर्क नीट शोषला जावा म्हणून, आणि तेच पिपरीन दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, फिट्सच्या फेनिटॉइनचं वाढतं हे दिसलेलं आहे.

पक्याने बाटली फिरवून बघितली. पिपरीन होतंच.

मग सुमीने विचारलं, “अरे पण मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक ॲसिड देतात की, काकू घेतात ना? तोंड येणं, मळमळ आणि रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे वाढणं, सगळं कमी होतं त्याने.”

पक्या गप्प. मग हळूच म्हणाला, “ती बारकी पिवळी गोळी? ती बंद केली आम्ही, हे चालू केलं म्हणून. म्हटलं एवढ्या गोळ्या कशाला.”

कुणीच काही बोललं नाही. सुमीने फक्त फोन त्याच्या हातात दिला आणि त्याने तिथूनच आधी आईला लावला, मग डॉक्टरांना.