कार्ड बसवरून पडले

आमच्या घरी सोलापुरी चादरीच्या नक्ष्या तयार होतात असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माग उभे राहतात. प्रत्यक्षात पूर्व भागातल्या आमच्या माडीवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घातलेला एक जुना संगणक आणि त्याच्यापुढे मी, एवढाच आमचा कारखाना आहे. माग खाली शेजाऱ्यांच्या शेडमध्ये असतात. आमच्या वाट्याला त्यांचा खडखडाट येतो. नक्षी मी क्रिटा या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये काढतो, कारण त्यात डब्ल्यूचे बटण दाबले की चित्र चारही बाजूंनी स्वतःलाच जोडले जाते आणि उजव्या काठाला संपलेला मोराचा पिसारा डाव्या काठावरून पुढे सुरू होतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र पिसारा उजव्या काठापर्यंत पोहोचेनासा झाला, कारण त्याआधीच क्रिटा नाहीसा होई. तक्रार नाही, निरोप नाही. दुपारी दोनला आमची गल्ली ओस पडते तसा पडदा ओस पडे. खाटेवर पसरलेली चादर कशी दिसेल ते व्यापाऱ्याला दाखवावे म्हणून ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम उघडायला गेलो, तर तो उघडता उघडताच गेला.

मी जाणता माणूस असल्यामुळे सेटिंगची फाईल बाजूला काढून क्रिटा टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाईप करण्याच्या खिडकीतून, सुरू केला. उत्तर आले : ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. याचा अर्थ असा, की प्रोग्रॅमने मेमरीतल्या आपल्या नसलेल्या जागेत पाऊल टाकले आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, अकरा क्रमांकाचा सिग्नल देऊन त्याला तिथल्या तिथे संपवले. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बांधावर नांगर घातला तर निदान पंचवीस वर्षे तारखा मिळतात. कर्नल एकही तारीख देत नाही.

मेमरीचा उल्लेख आल्यावर संशय रॅमवर गेला. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला आणि त्याने सकाळी रॅमला निर्दोष सोडले. मग उरला पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आणि ड्रायव्हर बदलणे हा लिनक्सवाल्यांचा आवडता उपवास असल्याने मी तोही मनोभावे केला. कार्डाच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर काढून नूवो हा मुक्त ड्रायव्हर घातला, मधल्या काळात अर्धा दिवस काळ्या पडद्याचे दर्शन घेतले, आणि काय आश्चर्य, क्रिटा पडायचा थांबला! तो बैलगाडीच्या गतीने चालत होता ही गोष्ट वेगळी. नूवो फ्रेंचमध्ये म्हणजे नवा. पण अनेक कार्डांवर तो चिप चालू होतानाच्या मंद वेगावरच ठेवतो, हे मला ठाऊक असूनही त्या आनंदात मला त्याचा अर्थ लागला नाही. दोष बंदिस्त ड्रायव्हरचाच, असा निकाल देऊन मी त्याच्या आणखी तीन आवृत्त्या घातल्या आणि तीनदा आपटलो.

“हे दुपारीच का मरतंय?” एवढेच सौ.ने विचारले. रात्री जेवणानंतर तर चांगले चालते, हे तिने पाहिले होते. मी तिला सिग्नल अकरा समजावून सांगितला. ती भाकरी थापायला निघून गेली.

चौथ्या दिवशी संपूर्ण संगणकच गोठला. तो पुन्हा सुरू करून मी मागच्या बूटची नोंद वाचली, तेव्हा कर्नलने लिहिले होते : ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’. मी ते मोठ्याने मराठीत वाचले : कार्ड बसवरून पडले. आतून प्रश्न आला, “कुठल्या? अक्कलकोटच्या?” ही बस म्हणजे मदरबोर्डवरचा, माहितीची ने-आण करणारा मार्ग, आणि कार्डाने त्यावर हाकेला ओ देणे बंद केले की कर्नल असे लिहितो, हे मी सांगेपर्यंत खालच्या शेडमधला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारा, जिन्यावर आला होता. “कार्ड बिघडलंय” एवढेच त्याच्या कानी पडले होते, आणि त्याच्या लेखी कार्ड एकच, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावरचे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याचे. तसा त्याचा फार गैरसमज झाला असेही नाही. १८०४ साली जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने त्या पुठ्ठ्यांवर माग चालवला, त्याच कल्पनेवर पुढे संगणकांनाही भोके पाडलेली कार्डे खाऊ घालण्यात आली.

पुठ्ठा दिसेना म्हणून त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. चार दिवसांत ड्रायव्हर म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरही असतो, हे मला सुचलेच नव्हते. त्याने डबा उघडला. कार्ड थंड ठेवणाऱ्या पंख्यावर आणि त्याखालच्या पत्र्यांच्या फटींत पांढऱ्या रुईची एवढी जाड गादी बसली होती, की तिच्यात दोऱ्याचे चार टाके घातले असते तर दुपटे झाले असते.

“मागाला आम्ही रोज झाडतो की हो. हे कधी झाडलं होतं?”

चार वर्षांपूर्वी विकत घेतल्यानंतर कधीच नाही, हे मी त्याला सांगितले नाही. त्याने कार्ड काढून खाली नेले, कॉम्प्रेसरचा वारा मारला, आणि परत आणून खाचेत अंगठ्याने दाबून बसवले. दुपारचे अडीच वाजले होते आणि छपराचा पत्रा तडतडत होता. सकाळी नव्वदच्या वर गेलेले कार्डाचे तापमान एकाहत्तरवर थांबले, आणि पिसारा काठ ओलांडून पलीकडून निघाला.

“मग, बसमध्ये नीट बसलं का?” सौ.ने आतून विचारले.

“बसलं,” जॉबर म्हणाला, “खिडकीपाशी.”