दुपारची वीज आणि चंद्रपूरची राख

परवा चंद्रपूरहून दादाचा फोन आला. घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, केंद्राची 78,000 ची सबसिडी पण खात्यात जमा झाली, तरी हा तापलेलाच. 2025 च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसा सोलरने ग्रिडला दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वळती करायची नाहीत अशी भाषा आली होती ना, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच बसलंय. "काऊन बे, तुह्या तिकडं असं करतात का?"

म्हटलं दादा, इकडे याच्याहून बेकार करतात.

मी राहतो अॅडलेडला, म्हणजे साऊथ ऑस्ट्रेलियात. इथे 2008 साली सोलरवाल्यांना युनिटमागे 44 सेंट द्यायची स्कीम निघाली, लोक तुटून पडले. आज नवीन सोलर लावणाऱ्याला त्याचे चिल्लर सेंट मिळतात, आणि संध्याकाळी तीच वीज विकत घ्यायला गेलं की चाळीसच्या वर. त्यात 2020 पासून नवीन सोलर बसवताना गरज पडली तर लांबूनच बंद करता येईल अशी सोय ठेवावीच लागते, आणि मार्च 2021 मध्ये ती वापरली पण.

सुरुवातीला मलाही ही लूटच वाटली, पण गणित समजलं तेव्हा राग थोडा उतरला. सुट्टीच्या दिवशी छान ऊन पडलंय, एसी लागत नाही, अशा दुपारी राज्याला लागेल तेवढी वीज कधीकधी नुसत्या घरांच्या छपरांवरून येते आणि विजेच्या घाऊक बाजारात भाव शून्याच्या खाली जातो. सात वाजता सूर्य गेला, सगळे घरी आले, की गॅसवरची केंद्रं पेटतात आणि भाव ती ठरवतात. म्हणून वर्षाला सत्तर टक्क्यांच्या वर वीज वारा-उन्हाची असूनही बिल काही कमी येत नाही, हे त्या "ऑस्ट्रेलियात वीज फुकट" वाल्या फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. नियम बदलला याचं मला काही नाही, पॅनल चढवल्यावर सांगतात याचा राग आहे, आणि तो दादाचाही बरोबरच आहे.

आपल्याकडची भांडणं बघतो तर सगळी मेगावॅटची. कोराडीत कोळशाचे नवे संच हवेत का नकोत, जैतापूरचा अणुप्रकल्प होणार का नाही. वीज कुठल्या तासाला हवी हे कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे त्याचं चांगलं उत्तर आपल्याच हातात आहे: शेतीपंप! इथे दुपारच्या विजेचं करायचं काय म्हणून लोकांचे रात्री तापणारे गीझर दुपारी चालू करायला लागले, सकाळी दहा ते दुपारी तीनचा स्वस्त दर काढला. आपल्याकडे एवढे पंप आहेत, आणि शेतकरी तर कधीचा ओरडतोय की बाबांनो दिवसा वीज द्या, रात्री साप-बिबट्यात पाणी द्यायला जायला लावू नका. सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच आवडते, सबस्टेशनच्या जवळ सोलर लावायचं आणि पंपांचे फीडर, म्हणजे त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी, त्यावर दिवसा चालवायचे. सरकारी योजना म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे मला, पण ही नीट राबवली तर इथल्यांना हेवा वाटेल.

पण कोळशाचं काय, तिथे मी अडतो. आमचं बालपण चंद्रपूरच्या ऊर्जानगरातलं, बाबा तिथल्या कोळशाच्या पॉवर स्टेशनात होते, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे ते आठवतं. 2920 मेगावॅट तिथे जळणार, आणि दिवे पुण्या-मुंबईत. इथे पोर्ट ऑगस्टा नावाचं तसंच गाव आहे. तिथल्या कोळशाच्या केंद्राच्या मालकाने 2015 मध्ये सांगितलं बंद करतो आणि मे 2016 मध्ये केलं पण बंद, तयारीला धड वर्षसुद्धा नाही. त्याच सप्टेंबरमध्ये वादळात विजेचे टॉवर पडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं, मग पवनचक्क्यांच्या नावाने जी बोंबाबोंब झाली ती वेगळीच. गावाला मोठ्या सौरऔष्णिक (उन्हाच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या) प्रकल्पाचं आश्वासन मिळालं, 2019 मध्ये तेही बारगळलं. आता निदान कोणतं केंद्र कुठल्या वर्षी बंद व्हायचंय त्याची यादी सगळ्यांना बघायला मिळते, दर दोन वर्षांनी देशाचा वीज आराखडा निघतो, त्यावर लोक भांडतात. चंद्रपूरचा कुठला संच कधी बंद, त्यातल्या कामगाराचं पुढे काय, ठेकेदाराकडच्या पोरांचं काय, हे आपण आत्ताच का विचारत नाही?

फोन बाबांनी घेतला. पोर्ट ऑगस्टाचं ऐकून त्यांचा एकच प्रश्न, "राखेचं काय केलं रे त्यांनी?"

सांगितलं, की आधी काहीच धड नाही केलं, 2017 उजाडताना पाऊस पडला, राख उडू नये म्हणून तिच्यावर फवारलेला थर वाहून गेला आणि गावभर राख उडाली, लोक दारं-खिडक्या लावून बसले. नंतर वर माती टाकून बी पेरलं.

"बंद झाल्यावर उडाली म्हणतोस," बाबा म्हणाले. "आपल्याकडे चालू असतानाच उडते."

दादाला म्हटलं वॉशिंग मशीन दुपारीच लाव, काही झालं तरी. तो म्हणे वहिनी कधीपासून दुपारीच लावते, कपडे संध्याकाळच्या आत वाळून घरात आले पाहिजेत ना, नाहीतर परत धुवावे लागतात.